एमबीबीएसनंतर मिशन हॉस्पिटलात सेवेला जायची ओढ आहे, पप्पा म्हणतात आधी पीजी कर. काय करू?

तू सरकारी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहेस, संडे स्कूलपासून मिशनमध्ये डॉक्टर व्हायचं मनात आहे, पप्पांना आधी पीजी, म्हणजे तज्ज्ञ व्हायचं पुढचं शिक्षण हवंय, आणि हे पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं की नुसती भावना हे कसं ओळखायचं असं तू विचारलंयस. अरेतुरे करते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

आधी जा. पीजी नंतर.

'आधी पीजी, मग सेवा' हे आमचे थोरले काका जेवणाच्या ताटावर, नाताळच्या फराळाला, पाळकसाहेबांच्या देखत, जमेल तिथे म्हणायचे. काका मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंच कमिटीत होते. माझी आजी मिरजेला नर्सिंग शिकलेली, तिथलं मिशन हॉस्पिटल उघडणाऱ्या वॉनलेस साहेबांचं नाव आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या नावासारखं घेतलं जायचं. तरी घरातली मुलगी, म्हणजे मी, इंटर्नशिप संपवून सातपुड्याच्या पायथ्याशी एका जुन्या मिशन हॉस्पिटलात निघाली, तेव्हा काका म्हणाले, "ज्यांना पीजीची सीट मिळत नाही ते तिकडे जातात. तू कशाला?" हे मला फार लागलं. आजही लागतं, म्हणून हे उत्तर लिहायला बसले आहे.

तिथे पोचल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एक मुलगा आला. बारा-तेरा वर्षांचा, रात्री जमिनीवर झोपलेला. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, घरच्यांनी भगताकडे नेलं, आणि आमच्याकडे आणलं तेव्हा पापण्या खाली आल्या होत्या, थुंकी गिळता येत नव्हती, आवाज नाकातून येत होता. अंगावर चावल्याची खूण नाही, सूज नाही. मण्यार अशीच चावते, तुला फॉरेन्सिकमध्ये शिकवलं असेलच. आमचे मोठे सर्जन सर त्या दिवशी गावाला नव्हते. पुलावरून पाणी जात होतं, व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल जिल्ह्याच्या गावी. आमच्याकडे सर्पविषाच्या लशीच्या व्हायल होत्या, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग होती, श्वासनलिकेत घालायच्या नळ्या होत्या.

दहा व्हायल लावल्या. पण नसांवर एकदा विष बसलं की लस ते उठवत नाही, हेही तुला माहीत आहे. श्वास आपल्यालाच द्यावा लागतो. मी नळी घातली. पहिल्या फटक्यात गेली, कारण इंटर्नशिपमध्ये बाकीचे पुस्तकं घेऊन लायब्ररीत बसायचे तेव्हा मी भूलतज्ज्ञ मॅडमच्या मागे मागे फिरून नळ्या घालायला शिकले होते. मग बॅग दाबायची. मिनिटाला बारा-पंधरा वेळा, तासन्‌तास. मी, सिस्टर, वॉर्डबॉय, आणि आमचे हात भरून आले तेव्हा मुलाचा बाप. सिस्टरनी त्याला शिकवलं, "दादा, दाबा... सोडा. दाबा... सोडा. छाती वर येते का बघा." तो मोठ्याने मोजत होता. दहापर्यंत मोजायचा आणि पुन्हा एकपासून.

आणि इथे मी जे पाहिलं ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मण्यारीच्या विषाने माणूस लुळा पडतो, बेशुद्ध पडत नाही. डोळे मिटलेले, बोट हलत नाही, तरी सगळं ऐकू येत असतं. सिस्टर त्याच्या कानाशी वाकून दर थोड्या वेळाने सांगत होत्या, "तुला ऐकू येतंय, मला ठाऊक आहे. तू जिवंत आहेस. आम्ही कुणी झोपणार नाही." मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मीही तेव्हापासून नळी घातलेल्या प्रत्येक पेशंटशी बोलते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची भुवई हलली, संध्याकाळी बोटं. नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बा चुकत होता मोजताना."

हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पीजी करून गेली असतीस तर असे शंभर वाचवले असतेस." मी म्हटलं, काका, तो मुलगा त्या दिवशी आला होता. माझं पीजी होईपर्यंत मण्यार थांबली नसती. त्यावर ते उठून गेले. आमच्यात हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

माझ्या ओळखीतले 'आधी पीजी, मग मिशन' म्हणणारे जवळजवळ कुणीच गेले नाहीत. ते वाईट नाहीत. पीजीनंतर बाँड, म्हणजे सरकारी सक्तीची सेवा येते, लग्न येतं, फ्लॅटचा हप्ता येतो, मुलांची शाळा येते, आणि हॉस्पिटल काढायला भागीदार तयार असतो. ओढ एवढ्या सगळ्यातून वर येत नाही. मी उलट्या क्रमाने गेले. परत येऊन पीजी केलं तेव्हा कुठलं करायचं हा प्रश्नच नव्हता. काकांना माझं रेडिओलॉजी हवं होतं. मी भूलशास्त्र घेतलं, कारण तिथे सर्जन होते पण भूल द्यायला माणूस नाही म्हणून बाईला सिझेरियनसाठी गाडीत घालून पाठवताना मी पाहिलं होतं. पीजी करून पुन्हा तिथेच गेले.

पाचारण खरं कशावरून? याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्या पाळकांशी आणि मुख्य म्हणजे गुडघ्यांवर बसून बोल. पण वेल्लोरच्या डॉक्टर आयडा स्कडरची गोष्ट तू ऐकली असशीलच: एका रात्रीत तीन बाया बाळंतपणात गेल्या, कारण घरचे लोक पुरुष डॉक्टरला आत येऊ देत नव्हते, आणि मिशनरी व्हायचं नाही म्हणणाऱ्या त्या मुलीचं मन फिरलं. संडे स्कूलमध्ये गोष्ट तिथेच थांबवतात. पुढे ती अमेरिकेला गेली, १८९९ साली कॉर्नेलमधून डॉक्टर झाली, १९०० मध्ये वेल्लोरला आली आणि १९१८ साली तिने बायकांसाठी मेडिकल स्कूल काढलं. वॉनलेस साहेबांनीही १८९४ ला मिरजेचं हॉस्पिटल उघडलं आणि लगेच, १८९७ ला, शिकवायला सुरुवात केली. पाचारण आलेल्या माणसांनी आधी हातातलं काम शिकून घेतलं. तू प्रार्थनेत रडतेस की नाही याने मला काही कळत नाही. रात्री दोन वाजता तू स्वतःहून लेबर रूममध्ये थांबतेस का, हे सांग.

आणखी एक, यावर मी कुणाचं ऐकत नाही. खाटेवरच्या माणसाला धर्म बदलायला सांगायचं नाही, सुचवायचंही नाही. तो दुखण्याने अडलेला असतो, उठून जाऊ शकत नाही, त्याच्या अडचणीचा फायदा घेणं पाप आहे. कुणी विचारलं, "बाई, तुम्ही इथे का आलात?" तर मी खरं सांगते, प्रभूसाठी आले. तेवढंच. आमच्याच मंडळीत एकांनी मला विचारलं होतं, "किती आत्मे मिळाले?" मी म्हटलं, पेशंट मिळाले, ते बरे करून घरी पाठवले. असले हिशेब मागणाऱ्यांच्या पैशावर जाऊ नकोस.

आता व्यवहाराचं. वेल्लोरच्या मिशन मेडिकल कॉलेजात मिशनकडून पुरस्कृत होऊन एमबीबीएस करायचं आणि मग दोन वर्षं मिशन हॉस्पिटलात द्यायची, ही वाट तुझ्यासाठी गेली. पण पीजीच्या वेळी तशी दारं असतात, नियम नीट वाच. काही मिशन हॉस्पिटलांत फॅमिली मेडिसिनचं डीएनबीही (पीजीच्या बरोबरीचं शिक्षण) होतं. सरकारी बाँडचं एक वर्ष आधी फेडून टाक, त्याची टांगती तलवार घेऊन जाऊ नकोस. इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनची हॉस्पिटलं उत्तरेत बरीच आहेत, आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात चिंचपाड्याला आहे. पत्र लिहून विचार, सुट्टीत राहायला ये म्हणतात का.

घरावर कर्ज असेल, किंवा कमावणारी तू एकटीच असशील, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि आधी घर सावर. पगार खरंच कमी असतो, पप्पांना तो आकडा लपवू नकोस. लग्नाची बोलणी झाली तर मुलाला पहिल्याच भेटीत सांग, साखरपुड्यानंतर नको. आणि एकटी डॉक्टर असलेल्या ठिकाणी पहिल्या वर्षी अजिबात जाऊ नकोस, वर एखादे जाणते सर्जन किंवा मॅडम असलेलंच हॉस्पिटल निवड. मला सर होते. त्या दिवशी नव्हते एवढंच, बाकी जे आलं ते त्यांच्याकडून.

इंटर्नशिप लागली की भूल विभागाची पोस्टिंग मागून घे. इतर मुलं ती टाळतात, तुला सहज मिळेल.