एल्कसाठी कोणतं काडतूस: थर्टी-ऑट-सिक्स की थ्री हंड्रेड विन मॅग?

अमेरिकेत कोलोरॅडोत परवाना काढून पहिल्यांदा एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाताय, तर रायफल थर्टी-ऑट-सिक्सची घ्यावी की थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नमची, असं तुम्ही विचारलंय. थर्टी-ऑट-सिक्स घ्या. मी दोन्ही वापरल्या आणि मॅग्नम विकून टाकली.

पहिलं काडतूस १९०६ सालचं, अमेरिकी लष्करासाठी काढलेलं. दुसरं १९६३ चं. दोन्हींत गोळीचा व्यास तोच, फरक मागच्या दारूचा. १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी एकातून सेकंदाला साधारण २,७०० फुटांनी सुटते, दुसऱ्यातून २,९५० च्या आसपास. २०० यार्डांवर नेम बसवला, तर ३०० यार्डांवर पहिली आठ-नऊ इंच खाली लागते, दुसरी सहा-सात. फरक दोनेक इंचांचा. एल्क आपल्या सांबराहूनही मोठं. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो. खांद्यामागे फुफ्फुसांची जागा चांगली फूटभर असते. तिथे दोन इंचांनी काय बिघडणार?

बिघडतं ते बार उडताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याने. एकदा रेंजवर मित्राने मला न सांगता मॅग्नममध्ये मधेच एक डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस भरलं. मी चाप ओढला. बार झाला नाही, पण धक्क्याच्या नुसत्या धास्तीने नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली दबलं आणि माझे डोळे गच्च मिटलेले होते. समोर जनावर असतं तर ती गोळी पोटात गेली असती. पोटात लागलेलं एल्क मैलोन्‌मैल चालतं, कधी सापडतच नाही, आणि कुठेतरी तडफडत मरतं. मला ते सहन झालं नसतं.

आणि मॅग्नम न घेतल्याने वाचलेला पैसा गोळीवर घाला. आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो, पण इथे मी पुढच्या टोकाबद्दल बोलतोय. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याने चिखलाने माखलेल्या मूसवर (एल्कहूनही मोठं हरीण) मॅग्नम रायफलच झाडली होती, पण गोळ्या खोल शिरल्याच नाहीत. मग त्याने मधोमध तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली: पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत घुसत जातो. तीच ‘पार्टिशन’ नावाने विकली जाणारी गोळी. अशी किंवा अख्ख्या तांब्याची गोळी घ्या.

सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर हे आणखी एक, लहान काडतूसही तिथल्या कायद्यात बसतं, धक्काही मॅग्नमच्या निम्म्याच्या जवळ. खांदा नाजूक असेल तर जरूर घ्या, पण अंतर जवळचं ठेवा.

सराव टेबलावर वाळूची पिशवी ठेवून करू नका. थोडं पळून या, धाप लागलेली असतानाच खाली बसा आणि काठीच्या आधाराने पाच गोळ्या झाडा. डोंगरात नऊ-दहा हजार फुटांवर दम असाच लागतो. ज्या अंतरावर पाचही गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसतील, त्याच्या पलीकडे चाप ओढू नका.