चारी कप्पे कोमट, पण दोष थर्मोस्टॅटचा नाही

साताऱ्याच्या दादांचा प्रश्न असा की कॉर्न स्नेक या पाळीव सापांच्या डब्यांचा चार कप्प्यांचा रॅक आहे, प्रत्येक कप्प्याखाली सारख्या लांबीची २० वॉटची हीट टेप (विजेवर तापणारी चपटी पट्टी), सगळी सेकंडहँड घेतलेली, एसटीसी-१००० या थर्मोस्टॅटवर हीटिंगचा दिवा दिवसभर पेटलेला, तरी डबे कोमटाच्या पुढं जात नाहीत आणि एका टेपची वायर निघाली की चारी गार. थर्मोस्टॅट बदलू का, म्हणतायत.

नका बदलू दादा, तो बिचारा बरोबर काम करतोय. त्याचं ५-६ नंबरचं टर्मिनल म्हणजे नुसता रिलेचा स्विच, त्यातून आपोआप करंट येत नाही, फेज आपणच फिरवून द्यायचा असतो आणि निम्मे लोक तिथंच अडकतात, पण तुमच्या टेप थोड्या का होईना तापतायत म्हणजे तेवढं जमलंय. एक निघाली की सगळ्या बंद, हे दिवाळीच्या माळेसारखं झालं बघा, टेप सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडल्यात. २३० चे चार वाटे, एकेकीला ५७-५८ व्होल्ट.

आता कुणीही म्हणेल, मग पॅरलल करा की, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण २३० मिळतील! जरा थांबा. टेप २३० ची असती तर ५७ व्होल्टवर वीसाच्या जागी जेमतेम सव्वा वॉट निघाला असता, डब्याला पत्ताही लागला नसता. तुमचे डबे कोमट होतायत त्यामुळं मला वाटतं टेप अमेरिकेतल्या मापाची, ११० व्होल्टची असणार, तिला तेवढ्यावर साडेपाच वॉट मिळतात. ती तशीच पॅरलल करून २३० ला लावली तर २० ची टेप ८७ वॉट ओढायला बघेल, म्हणजे जळालीच समजा.

टेपवर काय छापलंय ते आधी बघा, पुसलं असेल तर मल्टिमीटर आणा. प्लग काढा, एकच टेप पूर्ण सुटी करा आणि दोन्ही कडांच्या तांब्याच्या पट्ट्यांवर मीटर ओहमवर ठेवून लावा. ६०० च्या आसपास आलं तर ११० ची, २६०० च्या आसपास आलं तर २३० ची. काहीच दाखवत नसेल तर टेपला वायर जोडणारी क्लिप बघा, तिचे दात नुसत्या प्लास्टिकात रुतलेले असतात, तांब्यापर्यंत पोचलेलेच नसतात. क्लिपभोवती प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर तो जोड ढिला आहे, तेवढा तुकडा कापून नवीन क्लिप मारा, वरून इन्सुलेशन नीट करा, नुसती काळी टेप गुंडाळून सोडू नका, ती उष्णतेनं सुटते.

२३० ची निघाली तर सोपंय, सगळ्यांची डावी पट्टी एका वायरला, उजवी दुसऱ्या वायरला, झालं. ११० ची निघाली तर २३० चा ११० करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. चारी मिळून ८० वॉट होतात, १५० व्हीएचा बास. दोन वेगळ्या वाइंडिंगचाच घ्या, ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो पण त्यात ११० ची बाजू घरच्या लाइनला चिकटलेलीच राहते. दोन-दोन टेप सिरीजमध्ये घालून अशा दोन जोड्या पॅरलल करायचा जुगाड काही जण करतात, लांबी अगदी सारखी असेल तर चालतोही, पण उद्या तुम्ही एक टेप निम्मी कापली की त्या आखूड तुकड्यावर १५३ व्होल्ट येतात आणि तो जवळपास दुप्पट तापतो. मला तो प्रकार अजिबात पटत नाही.

रॅक लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर फ्रेमला अर्थिंग द्याच, लाइनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि १ ॲम्पिअरचा फ्यूज, याच्यात काटकसर नको. फेज थर्मोस्टॅटमधून तुटला पाहिजे, न्यूट्रल नाही, नाहीतर दिवा विझला तरी टेपवर फेज तसाच उभा.

आणि आत्ता डबे तापत नाहीत म्हणून सेटिंग वाढवून ठेवलं असेल तर ते आधी खाली आणा, नाहीतर वायरिंग सुधारल्या दिवशीच साप भाजतील. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, टेप आणि डब्याच्या तळाच्या मध्ये चिकटवून टाका, तो निसटून हवेत लोंबला तर कंट्रोलरला खोली थंडच वाटते आणि टेप फुल चालूच राहते. डबे रिकामे ठेवून एक दिवस-रात्र चालवा, इन्फ्रारेड गननं आतला तळ मोजा, गरम बाजूला २९ ते ३१ मिळालं आणि एकही क्लिप टेपपेक्षा गरम नसेल तर साप आत सोडा.