तिकिटाची स्क्रीन सगळ्यात शेवटी कर

प्रश्न : ताई, मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी अंतराळ पर्यटनाचं कन्सेप्ट ॲप घेतलंय. काळं आकाश, मागे सरकणारे तारे, खिडकीजवळचं आसन निवडा, पैसे भरा, सगळं तयार आहे. सर म्हणाले, हे विमानाच्या तिकिटाचंच ॲप झालं. घरचे म्हणतात, कोल्हापुरात बसून अंतराळाचं काय करतेस? विषय बदलू का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : विषय अजिबात बदलू नकोस. घरच्यांना सांग, डेनिस टिटो हा अमेरिकन गृहस्थ २००१ सालीच स्वतःच्या पैशानं अंतराळ स्थानकावर राहून आला. मे २०२४ मध्ये आंध्रात जन्मलेले गोपी थोटाकुरा ब्लू ओरिजिन कंपनीच्या ‘न्यू शेपर्ड’ यानातून शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे अंतराळाच्या हद्दीत जाऊन परतले.

सरांचं म्हणणं मात्र खरं आहे. न्यू शेपर्डमध्ये सहा आसनं असतात आणि प्रत्येकाला मोठी खिडकी. मग खिडकीजवळचं आसन निवडायचं कशाला? अख्खं उड्डाण दहा-अकरा मिनिटांचं, त्यात तरंगायला मिळतं तीन-चार मिनिटं. त्या वेळात माणसानं फोनकडे बघावं असं तुला तरी वाटतं का? तुझ्या ॲपचं खरं काम उड्डाणाच्या आधी आहे.

तिथली सगळ्यात मोठी स्क्रीन संमतीची. अमेरिकेच्या कायद्यानुसार कंपनीनं प्रवाशाला धोके लेखी कळवावे लागतात. सरकारनं हे यान सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र दिलेलं नाही, हेही स्पष्ट सांगावं लागतं. आणि उड्डाणाआधी प्रवाशाला तोंडी प्रश्न विचारायची संधी द्यावीच लागते. ही तोंडी प्रश्नांची अट मला फार मोलाची वाटते. आपण ॲपवाले काय करतो? चाळीस पानांच्या अटी आणि खाली ‘मला मान्य आहे’ची चौकट. तू ती चौकट काढून टाक. एका स्क्रीनवर एकच धोका, साध्या मराठीत, आणि प्रत्येक स्क्रीनवर ‘मला विचारायचंय’ हे बटण. ते दाबलं की समोर माणूस बोलला पाहिजे. उत्तर मिळाल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडायची नाही.

मी उद्यमनगरात मशीनच्या कंट्रोल पॅनलच्या स्क्रीन करते, म्हणून हे इतक्या पोटतिडकीनं लिहितेय. आमच्या पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनला, दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. ऑपरेटर दमलेला असणार, घाईत असणार, हे धरूनच ते केलेलं आहे. असा विचार केला नाही तर काय होतं ते बघ. ३१ ऑक्टोबर २०१४ला ‘स्पेसशिपटू’ हे पर्यटकांसाठी बनवलेलं यान चाचणीच्या वेळी हवेतच मोडलं. उतरताना वेग कमी करायला त्याची शेपटी वर वळते, सहवैमानिकानं त्या शेपटीची कळ ठरलेल्या वेगाच्या आधीच, काही सेकंद लवकर सोडवली होती. तो त्यात गेला. चौकशीत दोष एकट्या माणसावर ठेवला नाही. एका माणसाच्या एका चुकीनं यान मोडू शकेल याचा विचार यान घडवणाऱ्यांनी केला नव्हता, असा ठपका आला. तो चौकशी अहवाल मिळवून वाच. प्रोजेक्टला जितका उपयोग त्याचा होईल, तितका शंभर देखण्या स्क्रीन बघून होणार नाही.

ते सरकणारे तारेही काढून टाक. टिटोसारखं कक्षेत, म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहायला, जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं, डोकं हलवलं की आणखी वाढतं. अशा माणसाला हलणारी स्क्रीन कशाला दाखवायची? शिवाय तिथं नुसतं बोटानं काही दाबायला गेलं तरी आपणच मागे ढकलले जातो. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावरून पंतप्रधानांशी बोलले, तेव्हा त्यांनी पाय बांधून ठेवले होते, नाहीतर वर तरंगत गेले असते. म्हणून बटणं मोठी, कडेला, अंगठ्याखाली येतील अशी.

प्रवाशाच्या घरच्यांसाठी ॲपमध्ये एक वेगळी बाजू ठेव. स्थानकावरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं, आपण साडेपाच तास पुढे. आईला ‘आत्ता तो झोपलाय’ एवढं कळलं तरी पुष्कळ. स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं. काही दिवशी सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी ते कोल्हापुरावरून जाताना नुसत्या डोळ्यांनी दिसतं. ती वेळ आणि दिशा ॲपनं आदल्या दिवशीच सांगावी.

हे सगळं झालं की तिकिटाची स्क्रीन नव्यानं केलीस तरी चालेल, तासाभराचं काम आहे.

सबमिशनच्या आधी दोन गोष्टी कर. ओळखीच्या एखाद्या फौंड्रीत प्रोटोटाइप घेऊन जा आणि तिथल्या ऑपरेटरना हातमोजे घालून वापरायला दे, म्हणजे बटणं पुरेशी मोठी आहेत का ते कळेल. मग संमतीच्या स्क्रीन आईवडिलांना वाचायला दे. तू काही समजावून सांगू नकोस, शेजारी गप्प बस आणि ते जे जे विचारतील ते लिहून घे. एकही प्रश्न आला नाही, तर स्क्रीन परत लिहायला घे.