आयर्लंडमधील हस्तकला आणि अर्जातला ‘प्रेरणा’ हा रकाना

नमस्कार.

तुम्ही लिहिले आहे की कॉर्कला आल्यावर तुम्ही कुंभारकाम शिकलात, स्वतःच्या भट्टीसाठी अर्थसाहाय्याचा अर्ज केलात आणि तो ‘आयरिश परंपरेशी असलेले नाते स्पष्ट होत नाही’ असा शेरा घेऊन परत आला. पुढच्या अर्जापूर्वी भांड्यांवर सेल्टिक गाठींची (जुन्या आयरिश हस्तलिखितांतल्या, एकमेकींत गुंतलेल्या रेषांची) किंवा इथल्या अरान बेटांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वेटरच्या विणीची नक्षी काढावी का, आणि आजच्या आयरिश कारागिरांपैकी कोणाचे काम पाहावे, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘काढू नका’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर लांबेल, कारण पहिल्याचे कारण त्यातच आहे.

मी मेयो काउंटीत राहते आणि विलो या झाडाच्या लवचिक काड्यांच्या टोपल्या विणते. व्यवसायाची नोंदणी, विमा, कर क्रमांक या गोष्टी तुम्ही केल्याच असतील असे धरून चालते. मी वकील किंवा करसल्लागार नाही, आणि काउंटीगणिक पद्धती बदलतात, तेव्हा पुढचे सारे एका कारागिराचा अनुभव आणि मत म्हणूनच वाचावे.

तुमचा शेरा वाचून मी अस्वस्थ झाले, कारण जवळजवळ याच शब्दांतला शेरा मला एका कार्यालयाकडून मिळाला होता. त्या कार्यालयाचे नाव मी घेणार नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला सांगितले की टोपली उत्तम आहे, पण ती पाहून पर्यटकाला ‘आयर्लंड’ दिसले पाहिजे, त्यामुळे गाठींची नक्षी असलेले नमुने करून आणावेत. नमुने दाखवल्यावर फाइल दुसऱ्या विभागाकडे गेली. त्यांनी ‘ही कला आहे, व्यवसाय नव्हे’ असे म्हटले, आणि कलेचे काम पाहणाऱ्यांनी ‘ही वापरायची वस्तू आहे, कला नव्हे’ असे म्हणून ती परत पाठवली. तोवर डब्लिनमध्ये दर जानेवारीत भरणाऱ्या ‘शोकेस’ या व्यापारी प्रदर्शनाची मुदत उलटली होती. त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या हिवाळ्यात कापलेल्या माझ्या उत्तम काड्या कोणालाही नको असलेल्या नमुन्यांत खर्च झाल्या. विलो पाने गळल्यावर, हिवाळ्यातच कापतात. एक हंगाम गेला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत नवी काडी मिळत नाही. पुढे मी माहितीच्या अधिकाराखाली माझ्याच अर्जाची कागदपत्रे मागवली, तेव्हा गुणांकनाच्या तक्त्यात कामाची गुणवत्ता, बाजारपेठ आणि योजनेची व्यवहार्यता हेच निकष होते. ‘आयरिश परंपरा’ किंवा ‘सेल्टिक’ असा निकष त्यात कुठेही नव्हता. एका माणसाची वैयक्तिक आवड मला नियम म्हणून सांगितली गेली होती, आणि याचा राग मला आजही येतो.

ही आवड या देशाच्या आधुनिक हस्तकलेच्या इतिहासाशीही जुळत नाही. १९६१ साली निर्यातवाढीचे काम पाहणाऱ्या सरकारी मंडळाने स्कँडिनेव्हियातून डिझाइनर बोलावले आणि १९६२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी इथल्या कलाशिक्षणावर कठोर टीका केली, मात्र डोनेगलच्या ट्वीड या लोकरी कापडासारख्या, स्थानिक साहित्यातून आणि हाताच्या सवयीतून आलेल्या वस्तूंचे कौतुक केले. त्यातूनच पुढे १९६३ साली ‘किलकेनी डिझाइन वर्कशॉप्स’ ही संस्था स्थापन झाली आणि किलकेनीच्या किल्ल्यासमोरच्या जुन्या तबेल्यांत तिचे काम सुरू झाले. तिथे शिकवायला आणि घडवायला आलेल्यांत नेदरलँड्सच्या सोन्या लांडव्हेर आणि जर्मनीचे सुवर्णकार रुडॉल्फ हेल्ट्झेल होते. दोघेही इथेच राहिले, आणि लांडव्हेर या तर आयर्लंडच्या मानाच्या कलावंत-मंडळाच्या, ‘ओसडाना’च्या, सदस्य झाल्या. बाहेरून आलेल्या माणसाचे काम आयरिश हस्तकलेत बसत नाही असे कोणी म्हणाले, तर ही दोन नावे त्यांच्यापुढे ठेवावीत.

आता आजच्या कारागिरांविषयी. माझ्या कामाच्या सर्वांत जवळचे म्हणून जो होगन यांच्यापासून सुरुवात करते. गॅलवे काउंटीत लॉख ना फुई या सरोवराकाठी ते १९७८ सालापासून टोपल्या विणत आहेत आणि त्यासाठी लागणारी विलो स्वतः लावतात. आधी त्यांनी या देशातले जुने प्रकार हाताखालून घातले. पाठीवर किंवा गाढवावर लादून पीट (दलदलीतून कापून काढलेले मातकट जळण) आणि समुद्रशेवाळ वाहायचे खोलगट ‘क्रील’ आणि उकडलेले बटाटे निथळायची उथळ गोल ‘स्किब’ हे त्यांतले प्रमुख. (स्किबचे काम आपल्याकडच्या रोवळीचेच, फक्त तांदळाऐवजी बटाट्याचे.) क्रील उलटे विणतात. काड्या जमिनीत उभ्या रोवून आधी तोंड विणायचे, मध्ये हात घालायला आणि वारा खेळायला मोकळी पट्टी सोडायची आणि तळ शेवटी बांधायचा. ही रचना कोणी शोभेसाठी ठरवलेली नाही. ओले शेवाळ, चढाची वाट आणि वाहणाऱ्याची पाठ यांनी ती ठरवली. अशी कामे वर्षानुवर्षे केल्यावरच होगन वापराच्या पलीकडच्या टोपल्यांकडे वळले. त्यांत पीटच्या दलदलीत सापडलेले जुने लाकूड किंवा दगडफुलाने भरलेली फांदी जशी मिळाली तशी घेतलेली असते आणि वीण तिच्या वळणाने जाते. २०१८ साली ते लोएव्हे या आंतरराष्ट्रीय हस्तकला पुरस्काराच्या अंतिम यादीत होते. त्यांच्या या टोपल्यांत गाठींची नक्षी शोधूनही सापडणार नाही, तरीही ती वीण कुठल्या भूमीवर जन्मली याविषयी शंका राहत नाही.

तुम्ही मातीत काम करता, म्हणून नुआला ओडोनोव्हन यांचे काम आवर्जून पाहा. त्या तुमच्याच कॉर्कच्या आहेत. पाइनचे शंकू, टीझल या रानवनस्पतीची काटेरी बोंडे, प्रवाळ यांच्या रचनेतला एकच घटक घेऊन, तो हाताने पुनःपुन्हा करून त्या पोर्सेलिनचे (पांढऱ्या चिनी मातीचे) झिलई नसलेले आकार जोडत नेतात. त्यांचे लक्ष रचनेतल्या नियमाइतकेच त्या नियमाला पडलेल्या खंडाकडे असते, कारण वाढताना त्या वनस्पतीवर काय गुजरले ते त्या खंडात उमटलेले असते. प्रेरणा इतक्या नेमकेपणाने सांगता येते, हे मला त्यांच्या कामातून कळले. सारा फ्लिन याही मूळच्या कॉर्कच्या. चाकावर उचललेले पोर्सेलिनचे भांडे ओले असतानाच दाबून, कापून त्याचा तोल बदलणे हा त्यांचा विषय आहे, आणि तो कोणत्याही चिन्हाशिवाय उभा राहतो. याउलट किलकेनीजवळ बेनेट्सब्रिजला, नोर नदीकाठच्या जुन्या पिठाच्या गिरणीत १९७६ पासून काम करणारे निकोलस मॉस उघडपणे परंपरा घेतात. मात्र ती राजघराण्यांची किंवा हस्तलिखितांची नव्हे, तर शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या स्वस्त भांड्यांची आहे. कापलेला स्पंज रंगात बुडवून ठसे उमटवायची ती पद्धत त्यांनी आवतीभोवतीची फुले आणि प्राणी घेऊन चालू ठेवली.

लाकडात जोसेफ वॉल्श यांचे नाव सर्वतोमुखी आहे. कॉर्कमधल्या रिव्हरस्टिक गावच्या या माणसाने औपचारिक शिक्षणाशिवाय १९९९ साली कार्यशाळा काढली. अ‍ॅश वृक्षाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून तो लाकडाला इतके वाकवतो की खुर्ची किंवा टेबल एका अखंड रेषेतून निघाल्यासारखे वाटते. याच अ‍ॅशवर २०१२ साली आयर्लंडमध्ये बुरशीजन्य मर रोग प्रथम आढळला, आणि तेव्हापासून हर्लिंग या आयरिश खेळाच्या काठ्या करणाऱ्यांपासून फर्निचरवाल्यांपर्यंत सगळे या झाडाकडे वेगळ्या काळजीने पाहतात. काचेत रोशीन दे बुटलेअर यांनी, २००९ च्या जानेवारीत वॉटरफर्डचा क्रिस्टल कारखाना बंद पडल्यावर, तिथल्या कसलेल्या काच-कापणाऱ्यांबरोबर नवे काम केले. त्या कामाची प्रेरणा म्हणजे त्या माणसांच्या हातातले, निरुपयोगी ठरवले गेलेले कौशल्यच होते. मला हे काम फार मोलाचे वाटते.

अरानच्या विणीविषयी वेगळा इशारा देते, कारण तुम्ही तिचा उल्लेख केला आहे. प्रत्येक घराण्याची स्वतंत्र वीण असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख तिच्यावरून पटे, ही कथा दुकानांत सर्रास सांगितली जाते, पण ती खरी परंपरा नाही. तिचे एक मूळ आयरिश नाटककार जे. एम. सिंग (Synge) यांच्या १९०४ सालच्या नाटकात आहे. तिथेही ओळख पटते ती स्वेटरवरून नव्हे, तर मोज्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून. भरगच्च विणीचा पांढरा अरान स्वेटर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. बेटांवरच्या कुशल स्त्रियांनी तो घडवला, आणि म्युरिएल गहान यांनी १९३० साली डब्लिनमध्ये उघडलेल्या ‘कंट्री शॉप’सारख्या ठिकाणांनी त्यांच्या हाताला दाम मिळवून दिला. खरी हकिगत कथेहून जास्त आदर बाळगावा अशी आहे. १९७६ पासून इनिश मान बेटावर चालणारा विणकामाचा उद्योग पाहिलात, तर जुनी वीण नव्या धाग्यात आणि नव्या रंगांत किती मोकळेपणाने वापरता येते ते दिसेल. तो मोकळेपणा त्यांना आहे, कारण ती वीण त्यांच्या बेटाची आहे. तुम्ही किंवा मी ती मातीच्या भांड्यावर कोरली, तर आपण केवळ दुकानातली कथा पुढे चालवू.

मग अर्जातल्या ‘प्रेरणा’ या रकान्यात लिहावे काय? माझे ठाम मत असे की साहित्यापासून सुरुवात करावी. तुमची माती कुठून येते? कॉर्कच्या किनाऱ्यावर, यॉलच्या परिसरात तांबडी माती आहे आणि जवळच्या शानागॅरी गावच्या कुंभारकामाशी तिचे नाते आहे. ती तुम्ही वापरत असाल, तर पहिले वाक्य तिच्याविषयीच असावे. त्यानंतर तुम्ही कोणत्या वस्तूकडे पाहून कोणता निर्णय घेतला ते लिहावे, म्हणजे काठ जाड का ठेवला, झिलई कुठे थांबवली, आकार कोणाच्या हातासाठी आहे. ‘निसर्गाची ओढ’, ‘अटलांटिकची गूढता’ अशी विशेषणे काढून टाकावीत, कारण ती प्रत्येक अर्जात असतात आणि तपासणाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही. महाराष्ट्रातल्या भांड्यांचे संस्कार तुमच्या हातावर असतील, तर तेही लपवू नयेत, मात्र ते कुठे दिसतात हे दाखवावे. मी माझ्या अर्जात बांबूच्या रोवळीचा उल्लेख ठेवला आणि तिच्या तळाची वीण माझ्या विलोच्या टोपलीत कशी बदलली ते छायाचित्रांसह लिहिले. तो अर्ज वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांपुढे मंजूर झाला.

मेयोमध्ये कॅसलबारजवळ टर्लो पार्क येथे राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामजीवनाचा विभाग आहे. प्रवेश विनामूल्य आहे, आणि गवत, विलो, लाकूड, माती यांच्या रोजच्या वस्तू तिथे पाहायला मिळतात. छायाचित्रांवर विसंबू नका, रेखाटने करा, कारण रेखाटताना सांधा कसा बसवला आहे याकडे लक्ष जाते.

‘कला की व्यवसाय’ या घोळाबद्दलही सावध करते. २००३ च्या कला कायद्यातील व्याख्येत दृश्यकला, नाटक, साहित्य, संगीत, नृत्य, ऑपेरा, चित्रपट, सर्कस आणि स्थापत्य यांची नावे आहेत, हस्तकलेचे नाव नाही. व्याख्या व्यापक आहे, पण नाव नसल्यामुळे फाइल ढकलायला जागा मिळते. कलावंतांच्या प्राप्तिकर-सवलतीतही लेखन, नाटक, संगीतरचना, चित्र आणि शिल्प हेच पाच वर्ग आहेत, तेव्हा वापराच्या भांड्यांसाठी ती गृहीत धरू नये आणि करसल्लागाराला विचारूनच पुढे जावे. अर्ज कोणाकडे करता आहात त्याप्रमाणे एकाच कामाचे दोन मसुदे तयार ठेवा. एकात आकार आणि विचार आधी येतील, दुसऱ्यात ग्राहक आणि किंमत. दोन्हींतली प्रेरणा मात्र एकच असू द्या.

तुमच्या परत आलेल्या अर्जाबद्दल पहिले काम असे करा की तो शेरा कोणत्या निकषाखाली मारला, हे लेखी विचारा. तोंडी उत्तर स्वीकारू नका. समाधान झाले नाही आणि ती सार्वजनिक संस्था असेल, तर २०१४ च्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली तुमच्या अर्जाचा गुणांकनाचा तक्ता आणि त्यावरील टिपणे मागवा. विनंतीला शुल्क नसते आणि निर्णय साधारण चार आठवड्यांत द्यावा लागतो. पत्रात त्या कायद्याचा स्पष्ट उल्लेख करायला विसरू नका, नाहीतर ते साधी चौकशी म्हणून बाजूला ठेवले जाते. तक्ता हाती येईपर्यंत नवे नमुने करू नका, आणि कोणी दूरध्वनीवरून सुचवले म्हणून तर मुळीच करू नका.