फणसाचं पेन का चिरलं?

प्रश्न : गुहागरचं आजोळचं घर उतरवलं तेव्हा फणसाच्या वाशाचा एक तुकडा मागून घेतला. श्रावणात तिथेच मामाच्या लेथवर पेन कातलं, वर सुपरग्लूचं पॉलिश दिलं. नागपूरला आल्यावर एप्रिलमध्ये त्याला उभी चीर गेली. क्लिपजवळ पांढुरके ठिपकेही आहेत. इतकं जुनं, वाळलेलं लाकूड चिरलं कसं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : लाकूड वाळलेलं होतं, पण कोकणच्या हवेत. हवेत ऐंशी टक्के दमटपणा असला की लाकडात साधारण १६ टक्के पाणी राहतंच, मग वासा कितीही जुना असो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच पाणी ५-६ टक्क्यांकडे उतरू लागतं आणि लाकूड आकसतं. रिफिलसाठी लाकडाच्या आत चिकटवलेली पितळेची नळी मात्र आकसत नाही. मग लाकूड रेषेवर फाटतं. कुठल्याही पॉलिशनं ही चीर थांबली नसती.

तुकडा उरला असेल तर पाऊण इंची चौकोनी कांडी कापा, भोक पाडा, पण नळी बसवायची घाई करू नका. भोकामुळे लाकूड आतूनही वाळतं. कांडी नागपुरातच सावलीत ठेवा आणि दर रविवारी छोट्या डिजिटल काट्यावर तोला. ओळीनं तीन-चार आठवडे वजन हललं नाही की त्याच ड्रिलनं भोक साफ करा, नळी पॉलिशपेपरनं खरवडा आणि इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदानं) चिकटवा. सुपरग्लू या जागी ठिसूळ पडतो.

ठिपक्यांचं म्हणाल तर फणसाची छिद्रं मोठी असतात. ग्लूचे थर घासताना पडणारी पांढरी पूड त्यांत बसते. म्हणून छिद्रं भरेपर्यंत पातळ थर देत राहा, मध्ये घासू नका. थर टिश्यू पेपरनंच द्या. सुती फडक्यावर सुपरग्लू भसकन तापतो, धूर निघतो, बोट भाजतं.

मला स्वतःला फणसावर चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश फार आवडतं, त्या पिवळ्या रंगाला ते शोभतं. पण घामानं आणि सॅनिटायझरनं ते उतरतं, तेव्हा रोजच्या पेनाला सुपरग्लूच बरा. रंग पुढे तपकिरी होणारच, होऊ द्या.

चिरलेलं पेन टाकू नका. चीर उन्हाळ्यातच सर्वांत रुंद असते. तेव्हाच तिच्यात फणसाचीच बारीक पूड दाबून भरा, वरून पातळ सुपरग्लूचा थेंब सोडा आणि दुसऱ्या दिवशी ४०० नंबरच्या पेपरनं घासा.