वाचक विचारतात : झरा रडला, पण हसलं कोणीच नाही

प्रश्न : सोसायटीच्या दिवाळी अंकात रोमँटिक साहित्याची ८०० शब्दांची विडंबनकथा दिली. विरही कवी येऊरच्या जंगलात भटकतो, झाडं उसासे टाकतात, झरा रडतो, चंद्र ढगाआड तोंड लपवतो. हसलं कोणीच नाही. दोघींनी तर 'किती हळवं लिहिलंत' म्हणून कौतुक केलं! काय चुकलं?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सामान सगळं बरोबर आणलंत, पण ते आपटायला खाली फरशीच नाही. अतिशयोक्ती ही रोमँटिक साहित्याची मूळचीच खोड. तीत आणखी चार उसासे घातले की विडंबन होत नाही, त्याच जातीची आणखी एक कथा होते. त्या दोघींचं काहीच चुकलं नाही.

जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी काढून बघा. भयकादंबऱ्या वाचून डोकं भरलेली कॅथरीन एका जुन्या वाड्यात पाहुणी जाते. वादळी रात्र, काळं कपाट, फिरता न फिरणारी किल्ली, आत कागदांची गुंडाळी, आणि नेमकी मेणबत्ती विझते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी बघते तर काय, धुलाईची बिलं! रात्रीचं वर्णन लांब आणि अगदी गंभीर, बिलं मात्र चटकन येतात. वर आणखी एक टोला: कपाट बहुधा उघडंच होतं, किल्ली फिरवून हिनंच ते बंद केलं असावं.

इंग्रज लेखक पीकॉकच्या 'नाइटमेअर ॲबी' या कादंबरीतला (१८१८) नायक प्रेमभंगानं ठरल्या वेळी पिस्तुलानं जीव देणार असतो. वेळ भरत आली तसा नोकराला म्हणतो, घड्याळ पुढे आहे. नोकर 'नाही' म्हणतो, तर पिस्तूल त्याच्यावरच रोखतो! हे पात्र बेतलंय पीकॉकचा मित्र, रोमँटिक कवी शेली याच्यावर.

आपल्याकडे केशवकुमारांच्या (म्हणजे आचार्य अत्र्यांच्या) 'प्रेमाचा गुलकंद' या विडंबनकवितेत प्रियकरानं रोज दिलेल्या गुलाबांचं प्रेयसी काय करते, ते शीर्षकच सांगतं.

बिलं, घड्याळ, गुलकंद: तिन्ही घरातल्या वस्तू. तुमच्या कथेत तशी एकही नाही. पहिले ६०० शब्द जवळपास तसेच ठेवा, फक्त चंद्र काढा. निसर्गाचे तीन हुंदके जास्त होतात. मग कवीला झऱ्याशी बोलू द्या:

'हे निर्झरा, माझ्यासाठी किती रडशील?'

'पाइप फुटलाय साहेब,' मागून वॉचमन म्हणाला. 'सकाळपासनं.'

वॉचमनला विनोदी करू नका, त्याला पाण्याचीच काळजी असू द्या. 'कवी खजील झाला' हे वाक्य तर लिहूच नका. त्याला उलट पाइपवरही चार ओळी सुचू द्यात.

प्रश्न : 'रोमँटिक' म्हणजे प्रेमकथाच ना?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. इथे तो अठराव्या शतकाच्या अखेरीस जोर धरलेला वाङ्मयीन संप्रदाय आहे: भावना, कल्पना, निसर्ग, एकाकी 'मी'. प्रेम असतं, पण कित्येकदा नायकाचं स्वतःवरच.