बडोद्यात बसून ऑनलाइन जुनी स्पोर्ट्स कार घेताना

फोटोंवर भाळू नका, आणि टोकन तर अजिबात पाठवू नका. आधी सकाळच्या पहिल्या स्टार्टचा सलग व्हिडिओ मागा, सायलेन्सर दिसेल असा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर निम्मे रोग झाकले जातात.

मग टायर. टायरच्या कडेवर DOT (डॉट) ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनला तो आठवडा आणि वर्ष; 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, इतकं जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकडत नाही. कमी पळालेल्या गाड्यांत लोक इथेच फसतात.

1997 ते 2008 मधली पोर्शे बॉक्स्टर बघत असाल तर आयएमएस बेअरिंगची, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगची चौकशी आधी. ते फुटलं की बहुधा इंजिनच जातं. गाडी आहे तिथल्या मेकॅनिककडून ऑइल फिल्टर उघडून आतल्या कागदाच्या पाकळ्या पसरून घ्या. चुंबकाला चिकटणारा चुरा दिसला तर सरळ नाही म्हणा.

पुढच्या बंपरखालचाही फोटो हवा. आपल्या स्पीडब्रेकरांवर तो घासणारच आहे, पण आधीच तुटलेला कशाला घ्यायचा?

चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहा. कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि ती नोंद काढायचा फॉर्म 35 हवा. परराज्यातली गाडी जीजे-06 वर, म्हणजे बडोद्याच्या नंबरवर आणायला मूळ आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी लागते, शिवाय गुजरातचा रोड टॅक्स वेगळा. खाजगीरीत्या आयात केलेली असेल तर कस्टम ड्युटी भरल्याचा कागद बघितल्याशिवाय भावाचं बोलूच नका.